डब्याला डावी बाजू नसते

माझ्या पाळणाघरात साडेबाराला डबे उघडतात. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर हे पाळणाघर आहे. दीड ते पाच वर्षांची मुलं, आई-बाबा दोघंही कामावर. कुणी सुपर कॉरिडॉरवर आयटीत, कुणी बँकेत, कुणी शाळेत. डबे देखणे असतात, स्टीलचे, तीन कप्प्यांचे, झाकणावर हत्ती नाहीतर ससा. आत काय आहे हे मात्र झाकण काढायच्या आधीच सांगता येतं. एकात आलू पराठा. एकात पोळीचा रोल, आत तूप-साखर. एकात पांढरा पास्ता. एकात शिरा. एकात पोळीचे तुकडे आणि बटाट्याच्या काचऱ्या, त्यातला कढीपत्ता आणि कोथिंबीर आईने आधीच वेचून काढलेली, म्हणजे पोरगं 'हे काय हिरवं' म्हणून रडायला नको. छोट्या कप्प्यात बिस्किटं, टोस्ट नाहीतर शेव. शेवेशिवाय डबा भरणं इंदुरात अपशकुन समजत असावेत.

आता यात गहू किती वेळा आला ते बघा. पराठा गव्हाचा, पोळी गव्हाची, पास्ता आणि शिरा गव्हाचा, बिस्किट-टोस्ट मैद्याचे म्हणजे पुन्हा गहूच. सकाळी निघताना दूध-बिस्किट झालेलं असतं. रात्री पोळी-भाजी, त्यातली पोळी मुलाच्या पोटात आणि भाजी बाबांच्या ताटात. आईचं म्हणणं असतं, काकू, मी रोज वेगळं देते हो! देतेच बिचारी, पहाटे उठून देते. पण वेगळा असतो तो आकार.

उपाशी यातलं कुणीच नाही. वजनही बहुतेकांचं बरं असतं. म्हणूनच कुणाला शंका येत नाही.

लहान मुलांच्या खाण्यातलं वैविध्य मोजायचा एक सोपा हिशोब जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ठरवून दिलेला आहे. तो खरं तर सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी, पण मी माझ्याकडच्या सगळ्याच पिल्लांना लावते. खाण्याचे आठ गट धरायचे: आईचं दूध, धान्यं आणि कंदमुळं, डाळी-दाणे-बिया, दूध-दही-पनीर, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या किंवा केशरी-पिवळ्या, अ जीवनसत्त्व भरपूर असणाऱ्या भाज्या-फळं, आणि उरलेल्या सगळ्या भाज्या-फळं. काल दिवसभरात यातल्या किमान पाच गटांतलं काहीतरी पोटात गेलं का, इतकंच विचारायचं. किती खाल्लं हा प्रश्नच नाही.

यातली खोच धान्यं आणि कंद एकाच गटात असण्यात आहे. आलू पराठा म्हणजे एक गट. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा कंदाचा आणि बटाटाही कंद. दाण्याचं कूट होतं म्हणून दोन झाले. पोह्यांत पोहे-बटाटा मिळून एक, शेंगदाणे आणि बेसनाची शेव मिळून दुसरा. दूध धरलं की तीन. बहुतेक डबे तिथेच थांबतात. आणि घर शाकाहारी असेल तर बघा: मांस-मासे गेले, अंडी गेली, मूल मोठं झालं म्हणून आईचं दूधही सुटलं. आठांतले उरले पाच. म्हणजे त्या मुलाला पाचांतले पाचही रोज हवेत. एकही सोडायची सोय नाही. हे मी पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा एक बाबा, जे एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, ते म्हणाले, 'अरे, हे तर अवघड आहे!'

अवघड नाही. पण त्यासाठी ताटाची डावी बाजू परत आणावी लागते.

सासूबाई पान वाढायच्या तेव्हा आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, हे सगळं डाव्या हाताला. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे वरण-भात. घास मधल्याचा आणि उजवीकडचा. डावीकडचं नुसतं बोटाने लावून घ्यायचं. आज मुलांच्या ताटात मधलं तेवढं राहिलंय. वरण-भात-तूप, पोळी-दूध, पोळी-साखर. तिखट म्हणून चटणी गेली, आंबट म्हणून लिंबू गेलं, कच्चं म्हणून कोशिंबीर गेली, पचायला जड म्हणून उसळ गेली. पोट भरायचं काम मधलं करतं. पण लोह, जस्त, क जीवनसत्त्व, फोलेट, अ जीवनसत्त्व, ही सगळी चिमूट-चिमूट लागणारी मंडळी बरीचशी कडेलाच बसलेली असतात, आणि आपण कडा कापून मुलांना मधलं देतो.

पूर्वी सगळं छान होतं असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. पूर्वीही दीड वर्षाच्या पोरापुढे मऊ भात आणि मेतकूटच यायचं. अ जीवनसत्त्वाअभावी मुलांची दृष्टी जायची, म्हणून तर सरकारला १९७० मध्ये त्याचे डोस द्यायचा कार्यक्रम काढावा लागला. तो अजून चालू आहे, नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. तुमच्या मुलाच्या कार्डावर ते लागलेत का बघा. नऊ महिन्यांचा पहिला गोवराच्या लशीबरोबर होऊन जातो, नंतरचे विसरतात.

आता पोह्यांबद्दल, कारण इंदुरात राहून पोह्यांवर न बोलणं शक्य नाही. 'पोह्यांत लोह भरपूर' हे तुम्हीही ऐकलं असेल. जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह छापलेलं असायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवे तक्ते काढले, त्यात ते साडेचारच्या आसपास आहे. आणि एका मुलाच्या वाटीत कोरडे पोहे असतात किती? मूठभर. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ८ मिलिग्रॅम लोह हवं, चार ते सहाच्या मुलाला ११. त्यात धान्य-डाळींतलं लोह शरीर जेमतेम पाच ते आठ टक्के उचलतं. उरलेलं आलं तसं जातं.

लिंबाचं महत्त्व इथे आहे. क जीवनसत्त्व त्याच घासात असेल तर हेच लोह दुपटीनेसुद्धा शोषलं जातं. त्याच घासात हं, दोन तासांनी संत्रं खाऊन तो फायदा नाही. इथल्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांच्या प्लेटवर शेव आणि जीरावन म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला, यांच्याबरोबर लिंबू पिळलं जातं ते चवीसाठी, पण काम दोन्ही होतात. वरच्या आठ गटांच्या हिशोबात लिंबाची फोड धरत नाहीत, चवीपुरतं असतं म्हणून. मी धरते.

शनिवारी मी मुलांसाठी वाफेवरचे पोहे करते. प्रत्येकाच्या बशीत डाव्या बाजूला लिंबाची पातळ फोड, बी काढलेली. पिळायचं काम त्यांचं. लहान बोटांना ती फोड दाबली जात नाही, मग दोन्ही हातांनी, मग दातांनी. एक थेंब पोह्यांत आणि चार थेंब शेजाऱ्याच्या डोळ्यात. रडारड होते, पण त्या दिवशी पोहे बशीत उरत नाहीत.

आणि मग संध्याकाळी एखादी आई येते. 'काकू, आज लिंबू दिलंत? थंडी आहे ना, खोकला होईल.'

ही यादी मला पाठ झाली आहे. थंडीत लिंबू नको, दही नको, पेरू नको, संत्रं नको, आवळा तर नकोच, केळ्याने कफ होतो. आता माळव्यात चांगलं ताजं फळ येतं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे ज्या चार महिन्यांत हातगाड्या भरून वाहताहेत, नेमके तेच चार महिने मुलाला सफरचंदाची सोललेली फोड आणि बिस्किट. पेरूवाला इथे 'जाम ले लो, जाम' ओरडत गल्लीतून जातो. त्याच्या गाडीवरच्या शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व, आणि दोन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज तीसच्या आसपास. दोन पातळ फोडी बस झाल्या. सर्दी विषाणूने होते. पाळणाघरातल्या मुलाला ती वर्षात सहा-आठ वेळा होणारच, पेरू दिला तरी आणि नाही दिला तरी. माझं ऐकू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. विचारून आलेल्या आया दुसऱ्या दिवशी थोड्या हिरमुसलेल्या असतात, कारण घरी सासूबाईंना हे सांगायचं कोणी?

दुधाचं प्रकरण याहून नाजूक. एक मुलगा होता माझ्याकडे, अडीच वर्षांचा, त्याला आपण गोट्या म्हणू. गोरापान, गुबगुबीत, बघताक्षणी कुणीही उचलून घ्यावा असा. पण पळायचा नाही. बाकीची पोरं झोपाळ्यावरून भांडत असताना हा भिंतीला टेकून बसलेला. एके दिवशी बघते तर तोंड पांढरं, फळ्याखालचा खडू खातोय. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या भिंतीचा पोपडा नखाने काढून चाटतोय. मी त्याची खालची पापणी ओढून बघितली, आतून लालीच नाही. आईला म्हटलं, रक्त तपासून घ्या. ती दुखावली. 'काकू, दिवसाला लिटरभर दूध पितो तो!'

तेच तर. लिटरभर गाईच्या दुधात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. शिवाय ते पोट भरून टाकतं, त्यामुळे दुसरं काही खायला जागा राहत नाही, आणि दुसरं काही खाल्लंच तर त्यातलं लोह शोषायला दुधातलं कॅल्शियम आडवं येतं. खडू-माती-पोपडे खाणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण. या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. गोट्याचं आठच्या घरात निघालं.

डॉक्टरांनी बाटली बंद करायला सांगितली, दूध दिवसभरात दोन कपांवर आणलं आणि लोहाचं औषध दिलं, दुधाबरोबर द्यायचं नाही असं बजावून. आई माझ्याकडे येऊन म्हणाली, 'दूध तोडलं तर पोर खाणार काय?' मी म्हटलं, 'आधी भूक तर लागू दे.' पहिले दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. दुपारी झोपायच्या वेळी बाटली मागायचा आणि घर डोक्यावर घ्यायचा. मग एका दुपारी शेजारच्या मुलीच्या डब्यातली मटकीची उसळ त्याने सरळ मुठीने उचलली. ती किंचाळली. मी दोघांना वेगवेगळ्या वाट्या दिल्या. औषध काही महिने चाललं; शी काळी होते, दातांना डाग पडतात, हे डॉक्टरांनी सांगूनही आईचा रात्री फोन आलाच. खडू खाणं मात्र त्याच्या बऱ्याच आधी थांबलं. आता तो झोपाळ्यावरून भांडतो.

याचा अर्थ दूध वाईट असा काढू नका. शाकाहारी मुलाला ब१२ जीवनसत्त्व मिळण्याची जागा म्हणजे दूध-दहीच, डाळी-भाज्यांत ते नसतं. दोन कप दूध आणि वाटीभर दही एवढंच त्याचं काम. जेवणाची जागा त्याने घ्यायची नाही. चहाचं तर विचारूच नका. आजोबांच्या बशीतला टोस्ट बुडवलेला चहा पिऊन येणारी मुलं माझ्याकडे आहेत, आणि आजोबांना वाटतं, नातू आपल्याशिवाय कुणाकडून काही घेत नाही. चहातलं टॅनिन लोह बांधून ठेवतं. पोषण संस्था मोठ्यांनासुद्धा जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा म्हणते.

गोट्या एकटा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ७२.७ टक्क्यांना रक्तक्षय निघाला, देशभरात ६७.१ टक्क्यांना. बोट टोचून केलेली ही तपासणी जास्त आकडा दाखवते असा आक्षेप आहे, आणि तो बिनबुडाचा नाही; २०१६-१८ मध्ये शिरेतलं रक्त घेऊन जे सर्वंकष पोषण सर्वेक्षण झालं त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण साधारण ४१ टक्के होतं. त्याच पाहणीत या वयात सुमारे पाचांतल्या एका मुलात जस्त कमी होतं आणि जवळपास तेवढ्याच मुलांत अ जीवनसत्त्व. ७२ धरा किंवा ४१ धरा, माझ्या खोलीतल्या कुणालातरी ते लागू आहेच. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सगळ्यात सुखवस्तू घरांतल्याही निम्म्याहून जास्त मुलांना रक्तक्षय होता. तीन कप्प्यांचे डबे त्याच घरांतून येतात.

या सगळ्यात सगळ्यात भरलेला डबा कुणाचा असतो सांगू? माझ्याकडे मदतीला येणाऱ्या बाईचा. ती निमाडातली, खरगोनकडची. तिच्या डब्यात ज्वारीची भाकरी, अमाडीची भाजी म्हणजे आपली अंबाडी, तुरीची डाळ, कच्चा कांदा आणि लसणाची लाल चटणी. तिला हे काही फार आवडून खायचं असतं असं नाही, पनीर परवडलं तर ती पनीरच आणेल, असं तीच म्हणते. पण दुपारी तिच्याभोवती तीन-चार पोरं घिरट्या घालतात. अंबाडी आंबट, आणि मुलांना आंबट हवंच असतं; आपण घरी बंद केलंय म्हणून जास्तच हवं असतं. 'दीदी, खट्टी है, बच्चे माँग रहे,' म्हणत ती भाकरीच्या तुकड्याला जराशी लावून देते. हीच मुलं घरी पालकाच्या भाजीला तोंड लावत नाहीत अशी ख्याती आहे.

तिचा नातू अंगणवाडीत जातो. तिथे त्याला लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा मिळतं, एक मिलिलिटर, त्यात २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. हे सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे, पण फ्लॅटमधल्या पालकांना ते आपल्यासाठी आहे हे माहीतच नसतं. राज्य सरकारच्या दस्तक अभियानात आशा कार्यकर्त्या आणि एएनएम म्हणजे आरोग्यसेविका घरोघर येतात, मुलांचं हिमोग्लोबिन बघतात, अ जीवनसत्त्व पाजतात. माझ्याकडच्या एका आईने त्यांना 'आमचे प्रायव्हेट डॉक्टर आहेत' म्हणून दारातूनच निरोप दिला. प्रायव्हेट डॉक्टरांकडे ती ताप आल्यावरच जाते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंताची गोळीही अशीच राहून जाते, आणि जंत पोटात असले की लोह घालून उपयोग काय?

'पण तो खातच नाही' याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: पानात वाढत राहा. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची भीती मुलांत सगळ्यात जास्त असते, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळा तोच पदार्थ समोर यावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेला 'याला आवडत नाही' असा निकाल लागतो आणि तो मग लग्नापर्यंत टिकतो.

एका मुलीचं बीट बघा. पहिल्या खेपेला कोशिंबिरीची वाटी तिने दूर ढकलली. नंतर कधीतरी बोट बुडवलं, गुलाबी झालेलं बोट सगळ्यांना दाखवत फिरली. मग ते बोट गालाला लावलं. मग दह्याचा भाग चाटला आणि बिटाचे कीस वाटीच्या काठावर एकेक करून चिकटवून ठेवले, नीट, ओळीने. मी काही बोलले नाही. आमचा नियम असा की डावीकडे चमचाभर वाढायचं, 'खा' म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही वाजवायच्या नाहीत. टाळ्या वाजवल्या की मुलाला कळतं, इथे काहीतरी भानगड आहे. असे बरेच दिवस गेल्यावर काठावरचे कीस एक दिवस दिसेनात. खाली वाकून बघितलं, फरशीवरही नव्हते.

भाज्या पराठ्यात लपवून देण्याच्या मी फार बाजूची नाही. पोटात जातात हे खरं, आणि आजारी मुलाला मीही देते. पण लपवलेला पालक मूल कधीच ओळखायला शिकत नाही. लाल भोपळ्याचे घारगे मात्र मी मोकळेपणाने भोपळ्याचे म्हणूनच देते, तुपात परतून, कारण भोपळ्यातलं कॅरोटीन शोषायला स्निग्ध लागतंच. चाकवत थंडीभर असते, इथे बथुआ म्हणून मिळते. ताक घालून पातळ केली की भाताबरोबर जाते. मूग-मटकी भिजवून मोड आणल्याने त्यातलं लोह-जस्त अडकवून ठेवणारं फायटेट कमी होतं, लोह-जस्त मोकळं होतं. लहानांना ती वाफवून, बोटाने चेपून द्यायची. अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांखाली नाहीत, श्वासनलिकेत अडकतात, त्यांचं कूट करा. टोमॅटोचं सार, आमटी लोखंडी कढईत करा; आंबटाने कढईतलं थोडं लोह पदार्थात उतरतं. फक्त झाल्यावर लगेच काढून ठेवा, नाहीतर काळं पडतं आणि मग नवरे बोलतात.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, माझ्याकडचे डबे बघण्यासारखे असतात. तिळाची बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी: गाजर, वांगं, हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, दाण्याचं कूट, तीळ. वर लोणी. मी मोजते, सकाळचं दूध धरलं की पाचच्या पाच गट. त्याच आठवड्यात बोरन्हाणं होतात, मुलांना हलव्याचे दागिने घालून बोरं, ऊस, हरभरे, चुरमुरे डोक्यावरून ओततात. फोटो माझ्या मोबाइलवर येतात. आणि पुढच्या सोमवारी डब्यात पुन्हा आलू पराठा! जे डोक्यावर ओतायला चालतं ते बिया काढून पोटात घालायला काय हरकत आहे? बाजरी दर पंधरा दिवसांनी का येऊ नये?

गंमत म्हणजे सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था इंदुरातच आहे, आसपास खरिपात मैलोन्‌मैल सोयाबीन दिसतं, आणि माझ्याकडच्या एकाही डब्यात ते येत नाही. आपण पिकवतो आणि तेल काढायला पाठवून देतो. अंड्याचं म्हणाल तर ज्या घरांत चालतं त्यांनी खुशाल पाठवावं, मी वेगळ्या टेबलावर खाऊ घालते. आमच्या राज्यात अंगणवाडीत अंडं द्यावं की नाही यावर २०१५ मध्ये एवढं रणकंदन झालं. माझ्या खोलीत मला ते नकोय.

गेल्या महिन्यापासून मी एकच नवा नियम केला. छोटा कप्पा ही डावी बाजू. त्यात बिस्किट नाही, टोस्ट नाही, जॅम नाही. फळ, कोशिंबीर, चटणी, उसळ, काहीही चालेल, चमचाभर असलं तरी चालेल. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच प्रश्न सुरू झाले.

कारळ्याची चटणी चालेल का? पळेल! तिखट न घालता करा. कारळे किराण्यात रामतिल म्हणून मागा.

लिंबाचं लोणचं? बोटभर चालेल, पण त्यातलं क जीवनसत्त्व बरंच गेलेलं असतं आणि मीठ मात्र सगळं असतं. ताजी फोड द्या.

आम्ही घरात गुलाबी सैंधव वापरतो, तेच शास्त्रशुद्ध ना? त्या पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलंय का बघा. नसेल तर मुलाच्या जेवणात साधं आयोडीनचं मीठच घाला.

दुधात घालायची चॉकलेटी पावडर देते, त्यात सगळी जीवनसत्त्वं आहेत. त्याबरोबर साखर किती आहे तेही डब्यावर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं होतं.

पेरूला जीरावन लावून पाठवू? पाठवा, चिमूटभर.

आणि शेव? शेव पोह्यांवर. छोट्या कप्प्यात नाही.